हंगामांचा बाजार : पॅरिस आणि खरेदीची सफर

तीन-चार दिवसांसाठी एखाद्या देखण्या शहरात जाणे, तिथे यंदा कोणते रंग आणि कोणते कट चालले आहेत हे पाहणे आणि जाणकाराच्या सल्ल्याने स्वतःसाठी मोजकी खरेदी करणे, या तिन्ही गोष्टी आज एकाच सहलीत बसवलेल्या दिसतात, त्यामुळे हा सगळा प्रकार अलीकडच्या सुबत्तेतून जन्माला आला असावा असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांची सांगड सुमारे साडेतीनशे वर्षांपासून घातली जात आहे आणि ती मुख्यत्वे पॅरिस या एका शहरात, राजदरबार, रेशमाचे व्यापारी, दुकानदार, रेल्वे आणि हॉटेले यांच्या परस्परांत गुंतलेल्या हितसंबंधांतून घातली गेली. फॅशनचा हंगाम आकाशातून उतरत नाही. तो आखला जातो, त्याच्या तारखा ठरवल्या जातात आणि त्या कोणी, कशासाठी ठरवल्या हे ठाऊक असलेल्या प्रवाशाला हे शहर इतरांपेक्षा अधिक दिसते आणि स्वस्तही पडते.

या आखणीचा आरंभ चौदाव्या लुईच्या काळात शोधावा लागतो. 1665 मध्ये राज्याच्या अर्थकारणाची सूत्रे हाती घेतलेला त्याचा मंत्री कोल्बेर याला एक गोष्ट डाचत होती, ती म्हणजे फ्रान्सच्या उमरावांचा पैसा इटलीचे रेशीम, व्हेनिसची लेस आणि इतर परदेशी ऐषारामी वस्तूंवर देशाबाहेर चालला होता. त्याने आयातीवर जबर कर बसवले, देशी कारखान्यांना संरक्षण आणि भांडवल दिले आणि मालाच्या दर्जाचे नियम घालून दिले. परंतु नुसते कापड विणून भागत नव्हते, ते विकत घेण्याची इच्छा दर वर्षी नव्याने निर्माण होणे आवश्यक होते. ते काम दरबाराने केले. हिवाळ्यात मखमल, साटीन आणि जड ब्रोकेड, उन्हाळ्यात तफेता नावाचे हलके, ताठर रेशीम, असा पोशाखाचा क्रम व्हर्सायला रूढ झाला आणि ज्याला राजाच्या नजरेत राहायचे असेल त्याला ऋतू बदलताच कपडेही बदलणे भाग पडू लागले.

ल्यों शहरातील रेशीम-व्यापाऱ्यांनी या सवयीतून जी पद्धत उभी केली, ती आजच्या फॅशन-उद्योगाचा पाया आहे, म्हणून तिच्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. अठराव्या शतकात युरोपभरचे विणकर ल्योंच्या नक्ष्यांची नक्कल करीत असत आणि नक्कल करणाऱ्याला नवी नक्षी रचण्याचा खर्च नसल्याने त्याचा माल स्वस्त पडे. ल्योंकरांनी यावर कायद्यापेक्षा काळाचा उपाय वापरला. त्यांनी दर वर्षी नक्ष्या बदलायला सुरुवात केली. त्यांचे नक्षीकार, म्हणजे वेलबुट्टी आणि रंगसंगती कागदावर उतरवून देणारे कलावंत, नियमाने पॅरिसला जाऊन दरबाराची आणि शहराची अभिरुची कशी वळते आहे हे टिपून येत आणि त्यावरून पुढच्या वर्षाचे नमुने तयार होत. परक्या विणकराच्या हाती नमुना लागून, माग लावून, त्याचे कापड बाजारात येईपर्यंत ती नक्षी गेल्या वर्षाची झालेली असे आणि जुनी नक्षी नेसून मिरवण्याची कोणाचीच तयारी नसे. उरलेला माल ल्योंचे व्यापारी उतरत्या भावाने दूरच्या बाजारांत काढून टाकत. वर्षाचे नवेपण, त्याची चढी किंमत आणि वर्ष उलटताच होणारी घसरण ही साखळी तेव्हाच पूर्ण झाली होती. हंगामाच्या शेवटी लागणारा आजचा सेल हा तिचाच वंशज आहे.  

नवे काय आले हे दूरवर कळले नाही तर नवेपणाला किंमत येत नाही. 1672 मध्ये सुरू झालेल्या ‘मर्क्यूर गालाँ’ या नियतकालिकाने दरबारी बातम्यांबरोबर पोशाखाच्या बातम्याही छापल्या आणि 1678 पासून हंगामाच्या पोशाखांची चित्रे, कापडाच्या आणि दुकानांच्या माहितीसह, वाचकांपुढे ठेवली. त्याच्या जोडीला पॅरिसच्या ताज्या पद्धतीने नटवलेल्या बाहुल्या लंडन, व्हिएन्ना, सेंट पीटर्सबर्गपर्यंत पाठवल्या जात आणि तिथल्या शिंपिणी त्यांच्यावरून कपडे बेतत. या काळात पोशाखाचा सल्ला देणारी एक स्वतंत्र व्यक्तीही पुढे आली. कापड विकणे आणि कपडा शिवणे ही कामे वेगवेगळ्या व्यवसायसंघांची असल्याने या दोहोंच्या मधली जागा, म्हणजे कोणत्या पोशाखावर कोणती फीत, कोणती लेस, कोणता शिरोभूषणाचा थाट हे ठरवण्याचे काम, फॅशन-व्यापारी म्हणवणाऱ्या वर्गाने व्यापली. त्यातली सर्वांत गाजलेली रोझ बेर्तां. सँ-ओनोरे रस्त्यावरील तिच्या दुकानाचे नाव होते ‘थोर मुघल’, कारण वैभव म्हटले की त्या काळच्या पॅरिसकरांना दिल्ली आठवत असे. राणी मारी आंत्वानेतकडे ती नियमित जाई, राणीच्या वयाला, रंगाला आणि प्रसंगाला काय शोभेल ते सुचवी आणि दरबारात तिला मिळणारा हा प्रवेश इतका डोळ्यांत भरणारा होता की लोक तिला ‘फॅशनची मंत्री’ म्हणू लागले. आज ज्याला पर्सनल शॉपिंग म्हणतात, म्हणजे ग्राहकाची गरज समजून घेऊन त्याच्या वतीने निवड करणे, ते या बाईंच्या हातून व्यवसाय म्हणून घडले असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

दुकानांतून सहज भटकण्याची मौज मात्र वेगळ्या वाटेने आली. जुन्या पॅरिसचे रस्ते अरुंद, चिखलाचे आणि पादपथाविना होते. त्यामुळे 1784 मध्ये पाले-रोयालच्या बागेभोवती कमानींखाली दुकानांच्या रांगा खुल्या झाल्या तेव्हा पाऊस आणि घोडागाड्या यांची चिंता न करता काचेआडचा माल पाहत हिंडणे शहरवासीयांना प्रथमच साधले. पाठोपाठ दोन रस्त्यांना जोडणाऱ्या, काचेच्या छपराच्या गल्ल्या निघाल्या, ज्यांना फ्रेंचमध्ये पासाज म्हणतात. त्यांपैकी पासाज दे पानोरामा 1800 च्या सुमाराचा आहे आणि नक्षीदार फरशीची गालरी विव्हिएन 1820 च्या दशकातली. अशा वीसेक गल्ल्या अजून शिल्लक आहेत आणि पॅरिसची सफर इथून सुरू करावी हे उत्तम, कारण पाहणे आणि विकत घेणे या दोन क्रिया एकमेकींपासून कशा सुट्या झाल्या हे त्यांत पायी चालतानाच उमगते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात दोन बदल जवळजवळ एकाच वेळी घडले. पहिला चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्लंडमधून आलेल्या कापड-विक्रेत्याने घडवला. 1858 च्या सुमारास त्याने रू द ला पे या रस्त्यावर स्वतःचे घर थाटले, घर म्हणजे इथे पोशाख घडवणारी पेढी, आणि शिंप्याने गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन सांगितले तसे शिवायचे हा जुना रिवाज त्याने उलटा केला. गिऱ्हाईक त्याच्याकडे येऊ लागले, त्याने आधीच रचून ठेवलेले नमुने जिवंत स्त्रियांच्या अंगावर पाहू लागले आणि त्यांतून निवडू लागले. कपड्याच्या आत तो चित्रकाराप्रमाणे आपले नाव लावू लागला. सम्राज्ञी युजेनी त्याची ग्राहक झाल्यावर अमेरिकेतील धनिकांच्या बायका-मुली अटलांटिक ओलांडून हंगामाचे कपडे करून घ्यायला पॅरिसला येऊ लागल्या आणि खरेदी हेच कारण असलेला परदेश-प्रवास प्रतिष्ठित झाला. 1868 मध्ये या व्यवसायाची संघटना स्थापन झाली. ओत कुत्यूर, म्हणजे ग्राहकाच्या मापाने, बहुतांशी हाताने शिवलेला उच्च दर्जाचा पोशाख, ही संज्ञा 1945 पासून फ्रान्समध्ये कायद्याने संरक्षित आहे आणि ठरावीक अटी पाळणाऱ्या पेढ्यांनाच ती लावता येते.

दुसरा बदल मध्यमवर्गासाठी होता आणि या लेखकाच्या मते तोच अधिक दूरगामी ठरला. आरिस्तीद बुसिको 1852 मध्ये बाँ मार्शे या दुकानात भागीदार झाला, तेव्हा बहुतेक दुकानांत आत शिरले की काही घेतल्याशिवाय बाहेर पडणे अवघड असे आणि किंमत घासाघिशीने ठरे. त्याने किमती लिहून लावल्या, प्रवेश मोकळा केला, न आवडलेला माल परत घ्यायचे कबूल केले आणि कमी नफ्यावर भराभर माल खपवण्याचे तंत्र अवलंबले. 1869 मध्ये सुरू झालेल्या त्याच्या नव्या इमारतीत लोखंडी सांगाड्यावर काचेची छपरे होती, वाचनाची दालने होती आणि मुलांसाठी फुगे होते. वर्षाचे पंचांगही त्याने आखले. नाताळानंतर गिऱ्हाईक ओसरे त्या जानेवारीत चादरी, टेबलक्लॉथ अशा पांढऱ्या कापडाचा मोठा सेल लागे, वसंतात नव्या मालाचे प्रदर्शन भरे आणि छापील सूचिपत्रे देशभर टपालाने जात. एमिल झोला यांनी 1883 च्या कादंबरीत अशाच एका महादुकानाला जवळजवळ नायकाचे स्थान दिले आणि त्याच्या सावलीत मरणाऱ्या लहान दुकानदारांचे दुःखही तितक्याच तळमळीने लिहिले.

रेल्वेने प्रांतांतून येणाऱ्या या ग्राहकाला रात्री कुठे उतरवायचे, हा पुढचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर दुकानदारांनीच शोधले. 1855 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या ग्रँड हॉटेल द्यू लूव्ह्रच्या तळमजल्यावर जी दुकाने उघडली, ती इतकी फोफावली की अखेरीस त्यांनी सगळी इमारत व्यापली आणि 1887 मध्ये हॉटेलला चौक ओलांडून समोरच्या जागेत जावे लागले. बाँ मार्शेच्या मालकांनी 1910 मध्ये दुकानासमोर ल्युतेशिया हे आलिशान हॉटेल बांधले, ते खरेदीसाठी शहरात येणाऱ्या आपल्या खानदानी ग्राहकांची सोय व्हावी म्हणून. दोन्ही वास्तू आजही समोरासमोर उभ्या आहेत आणि ‘शहर-सफर’ नावाची वस्तू दुकानाने कशी घडवली याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

विसाव्या शतकात हंगामांची संख्या वाढली. धनिक मंडळी उन्हाळ्यात समुद्रकाठी दोव्हिलला आणि हिवाळ्यात रिव्हिएराच्या उबदार किनाऱ्यावर जात, म्हणून गाब्रिएल शनेल यांनी पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे दोव्हिल आणि बियारित्झ येथे दुकाने काढून जर्सीसारख्या मऊ, विणलेल्या कापडाचे मोकळे कपडे विकले. नियमित हंगामांच्या मध्ये येणारे आजचे ‘क्रूझ’ किंवा ‘रिसॉर्ट’ संग्रह अशाच सुट्टीवर जाणाऱ्या ग्राहकासाठी सुरू झाले. 12 फेब्रुवारी 1947 रोजी क्रिस्तियां डिओर यांनी युद्धकाळातील कापडटंचाईला झुगारून घेरदार झगे आणि आवळलेली कंबर सादर केली आणि त्यानंतर दर हंगामाला कपड्याची बाह्यरेषा बदलून, तिला कधीकधी अक्षरांची नावे देऊन, त्यांनी जगभरच्या वृत्तपत्रांना सहा महिन्यांची बातमी पुरवली. इव्ह सँ लोराँ यांनी 1966 मध्ये नदीच्या डाव्या काठी प्रेत-आ-पोर्ते, म्हणजे ठरावीक मापांत आधीच शिवून ठेवलेल्या कपड्यांचे, दुकान उघडले, तेव्हा मोठ्या नावाचा कपडा मापे देण्याच्या लांबलचक विधीशिवाय, एका दुपारच्या फेरीत मिळू लागला. आता स्त्रियांच्या तयार कपड्यांची सादरीकरणे फेब्रुवारीअखेर ते मार्च आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर अशी वर्षातून दोनदा होतात आणि दोन्ही वेळा दाखवले जाते ते सहा महिन्यांनंतरच्या हवामानाचे. कापड त्याच्या कितीतरी आधी, आणि धाग्यांचे रंग त्याहूनही आधी, व्यापारी मेळावे आणि रंगतज्ज्ञांच्या बैठका यांतून ठरलेले असतात. सगळ्या दुकानांत एकदम एकच हिरवा कसा अवतरतो, या नेहमीच्या कोड्याची उकल एवढीच आहे.

या साखळीचा एक दुवा मुंबईत आहे आणि मराठी वाचकाने तो अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. पॅरिसच्या अनेक पेढ्यांचे भरतकाम मुंबईतील कारखान्यांत होते. कारचोबावर, म्हणजे ताणून बांधलेल्या लाकडी चौकटीवर, आरी नावाच्या हुकाच्या सुईने मणी-टिकल्या भरणारे कारागीर ते करतात. दीर्घकाळ या हातांचा उल्लेख कुठेच होत नसे. डिओरने 30 मार्च 2023 रोजी आपला एक संग्रह गेटवे ऑफ इंडियापुढे सादर केला आणि मुंबईच्या चाणक्य या संस्थेचे श्रेय उघडपणे दिले, हे योग्य झाले. पण कपड्याच्या आतील पट्टीवर अद्याप पेढीचेच नाव असते, कारागिराचे नाही, ही उणीव दूर व्हायला हवी.

हंगामांचे हे पंचांग हाती असले की सफरीचे दिवस निवडणे सोपे जाते. फ्रान्समध्ये सोल्द, म्हणजे कायद्याने ठरवलेले सवलत-विक्रीचे काळ, वर्षातून दोनच असतात. हिवाळी सोल्द सर्वसाधारणपणे जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी आणि उन्हाळी जूनच्या शेवटच्या बुधवारी सुरू होतात, काही सीमावर्ती आणि सागरापलीकडील जिल्ह्यांत तारखा वेगळ्या असतात, आणि 2020 पासून त्यांची मुदत चार आठवडे आहे. या काळातच दुकानदाराला तोटा सोसून माल विकण्याची मुभा असते; तो माल किमान महिनाभर आधीपासून विक्रीला असावा लागतो आणि जुनी व नवी अशा दोन्ही किमती दाखवाव्या लागतात, त्यामुळे भाव फुगवून उतरवण्याला बराच पायबंद बसतो. महाराष्ट्रातील बहुतेक शाळांची उन्हाळी सुट्टी जूनच्या मध्याला संपते, म्हणून मे महिन्यात जाणाऱ्या कुटुंबाला पॅरिसची हवा सुखाची मिळते परंतु उन्हाळी कपडे पूर्ण भावाने घ्यावे लागतात आणि नाताळच्या सुट्टीत जाणारेही जानेवारीच्या सेलला थोडक्यात मुकतात. ज्यांना शाळेचे बंधन नाही अशांनी जुलैचा पहिला आठवडा धरावा. ऑगस्टमध्ये मात्र अनेक लहान दुकानांचे मालक स्वतःच सुट्टीवर जातात आणि काचेआड लोकरी कोट लागलेले दिसतात.

खरेदी-सल्लागाराची मदत घ्यायची असेल तर त्याला पैसे कोण देते हे आधी विचारून घ्यावे. मोठ्या महादुकानांतील सल्लागार आधी वेळ ठरवून भेटतात, माप, प्रसंग आणि खर्चाची मर्यादा विचारून कपडे खोलीत मांडून ठेवतात. ही सोय सुखाची आहे, परंतु ते दुकानाचे नोकर असल्याने त्यांची निवड दुकानाच्या भिंतींआडच राहते. स्वतंत्र सल्लागार तासाचे शुल्क घेतो आणि चार गल्ल्या फिरवून आणतो; तोही एखाद्या दुकानाकडून दलाली घेत असेल तर त्याचा सल्ला त्या दिशेने झुकणार हे गृहीत धरावे. चांगल्या सल्लागाराची खूण अशी की तो घरी कपाटात आधीपासून काय आहे हे प्रथम विचारतो आणि प्रसंगी ‘हे घेऊ नका’ असे स्पष्ट सांगतो. मापांबाबतही सावध राहावे लागते, कारण फ्रेंच 38 हे माप इटालियन कपड्यावर साधारण 42 आणि ब्रिटिश कपड्यावर 10 असे लिहिलेले असते.

युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या, सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रवाशाला देताक्स, म्हणजे विक्रीकराचा परतावा, मिळतो. त्यासाठी एकाच दुकानातील खरेदी शंभर युरोंहून अधिक असावी लागते, पासपोर्ट दाखवून अर्ज तिथेच करून घ्यावा लागतो आणि संघाबाहेर पडताना विमानतळावरील यंत्रावर तो प्रमाणित करावा लागतो. कर वीस टक्के असला तरी मध्यस्थांचे शुल्क जाऊन हाती साधारण बारा टक्के येतात.

आणि ज्याला नामांकित पेढ्यांच्या किमती परवडत नाहीत, किंवा परवडूनही रुचत नाहीत, त्याने मोंमार्त्र टेकडीच्या पायथ्याशी मार्शे सँ-पिएर या कापडाच्या पाच-मजली दुकानात आणि त्याच्या भोवतालच्या गल्ल्यांत एक सकाळ द्यावी. तिथे रेशीम, लिनन, लोकर मीटरवर मिळते आणि आसपासच्या काही दुकानांत उरलेल्या कापडाचे तीन-तीन मीटरचे तुकडे ‘कुपाँ’ नावाने बऱ्यापैकी स्वस्तात विकले जातात. साडीला तो तुकडा पुरत नाही, पण कुर्ता, परकर-पोलक्यातील पोलके किंवा घरच्या शिंप्याकडून शिवून घेण्याचा कोट त्यात आरामात बसतो. पुणे, कोल्हापूर किंवा नागपूर येथे मापे ठाऊक असलेला शिंपी ज्यांच्याकडे अजून आहे, त्यांच्यासाठी पॅरिसमधील खरेदीचा हा प्रकार सर्वांत शहाणपणाचा ठरतो.